कोण कुणाच्या गाडीत

दिवस पहिला : लंडन

बी.ए.ला असताना जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्या वाचायला घेतल्या तेव्हा शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडा असायचा. शेझ : एक प्रकारची घोडागाडी. फेटन : एक प्रकारची घोडागाडी. गिग, करिकल, बरूश, लँडो, सगळ्यांसमोर हेच. मीही वहीत हेच उतरवलं, परीक्षा दिली आणि पास झाले. पुढे कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की 'तो गिगमधून आला' आणि 'तो करिकलमधून आला' या दोन वाक्यांत जुनी लूना आणि कर्ज काढून घेतलेली चकचकीत मोटर इतका फरक आहे. तेव्हाच्या वाचकाला पात्र गाडीतून खाली उतरायच्या आत निम्मं कळलेलं असे. मला ते दीडशे पानांनंतर कळत होतं.

तर या जूनमध्ये मावसबहिणीकडे, रेडिंगच्या ताईकडे, आले तेव्हा या गाड्या बघायला तिच्याकडे पाच दिवस मागून घेतले. तिने दिले, पण अटीवर. "गाडी माझी, वेळ माझी. सकाळी आठला दारात. आणि वाटेत प्रत्येक दगडापाशी थांबायचं नाही." मला इथे गाडी चालवायचा परवाना नाही, त्यामुळे मान डोलावली.

पहिल्या दिवशी मात्र ट्रेननेच लंडन गाठलं, बकिंगहॅम राजवाड्याजवळच्या रॉयल म्यूजमध्ये. म्यूज म्हणजे राजाची पागा. आजच्या इमारती जॉन नॅशने चौथ्या जॉर्जसाठी बांधल्या, 1825 मध्ये त्या पुऱ्या झाल्या. हाच जॉर्ज आधी युवराज होता. बापाला, तिसऱ्या जॉर्जला, वेडाचे झटके आले म्हणून 1811 ते 1820 या काळात त्याने राजप्रतिनिधी होऊन कारभार पाहिला. त्या नऊ वर्षांचं नाव 'रीजन्सी'. ऑस्टेनच्या सगळ्या कादंबऱ्या त्याच काळात छापून आल्या.

इथली सगळ्यात मोठी चीज म्हणजे 1762 ची सोन्याची राजगाडी. सुमारे 4 टन वजन, ओढायला 8 घोडे, आणि तेही पावलापावलाने. अंगभर कोरीवकाम, दारांवर चिप्रियानीची चित्रं. 2023 मध्ये तिसरा चार्ल्स राज्याभिषेकाहून हिच्यातूनच परतला. मी मात्र खाली वाकून पट्टे पाहत बसले. एवढा डोलारा खालच्या सांगाड्यावर ठेवलेला नाही, जाड चामड्याच्या पट्ट्यांनी टांगलेला आहे. म्हणजे पाळणाच. पाळणा झुलणारच. चौथ्या विल्यमने या गाडीत बसणं म्हणजे खवळलेल्या समुद्रात जहाजावर असणं असं म्हटलं होतं, आणि तो गडी आरमारातला होता.

कृष्णाकाठच्या आमच्या गावी आजोबा सुतार होते, बैलगाड्यांची चाकं करत. गोवऱ्यांच्या आगीत धाव, म्हणजे चाकाची लोखंडी कड, लाल करायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी मारायचं. लोखंड आवळत गेलं की लाकूड कुरकुरायचं, ते ऐकायला आम्ही पोरं अंगणात जमायचो. ही राजगाडी बघून आजोबा पहिल्यांदा काय म्हणाले असते ते मला नक्की माहीत आहे : एवढं सोनं लावलंय, पण बैलं कितीदा बदलायची?

संध्याकाळी स्लोन स्ट्रीटवरून चालत गेलो. ऑस्टेनचा भाऊ हेन्री इथे राहत असे. मे 1813 मध्ये ती त्याच्याकडे आली आणि त्याच्या बरूशमधून एकटीच शहरभर हिंडली. बरूश म्हणजे चार चाकं, समोरासमोर आसनं, मागच्या अर्ध्या भागावर घडीचा टप आणि पुढे उंचावर कोचमन. टप खाली करून उन्हाळ्यात मिरवायची गाडी. तिने बहिणीला लिहिलं की आपलं आपल्यालाच हसू येत होतं, बरूशमधून लंडनभर मिरवण्याचा आपला तसा काही हक्क नाही. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती आणि 'प्राइड अँड प्रेज्युडिस' बाजारात येऊन चार महिने झाले होते.

दिवस दुसरा : बाथ

मोटरवेने दीड तास. ताईने शहराबाहेर गाडी लावली आणि बसने आत गेलो. बाथमध्ये गाडी घेऊन जाणं आजही शहाणपणाचं नाही, तेव्हाही नव्हतं. शहर वाटीसारख्या खोऱ्यात, चहूबाजूंनी चढ. म्हणून इथे पालख्यांची चलती होती. माणसं खांद्यावर नव्हे, हातात दांडे धरून पुढे-मागे चालत, आत एकच माणूस बसलेला. पंप रूममध्ये, म्हणजे इथलं औषधी पाणी प्यायच्या जुन्या दालनात, अशा दोन पालख्या ठेवल्या आहेत. खुर्चीभोवती कपाट बांधावं तशा दिसतात. घोडा जिथे घसरेल तिथे माणूस जातो, शिवाय पालखी थेट घरात, जिन्यापर्यंत नेता येते.

पंप रूमसमोरून निघून युनियन पॅसेज नावाच्या बोळासमोर गेलो. पुढे चीप स्ट्रीट आडवी. 'नॉर्थँगर ॲबी'मध्ये नायिका कॅथरीन आणि तिची मैत्रीण इझाबेला इथेच अडकून पडतात, कारण लंडन आणि ऑक्सफर्डच्या हमरस्त्यांची रहदारी या चिंचोळ्या रस्त्यात घुसते. आणि त्या गर्दीतूनच इझाबेलाचा भाऊ जॉन थॉर्प आपली गिग घेऊन येतो.

आता गिग म्हणजे काय? दोन चाकं, एक घोडा, दोन दांड्यांच्या मधे जुंपलेला, वर दोघांपुरती बैठक. मध्यमवर्गाची गाडी. डॉक्टर, पाद्री, किरकोळ जमीनवाले. थॉर्पची फुशारकी ऐका : गाडी ऑक्सफर्डच्या एका पोराकडून पन्नास गिनींना घेतली, पण 'करिकलसारखी टांगलेली' आहे! मग तो एकेक भाग मोजून दाखवतो, बैठक, पेटी, तलवारीचं खण, चिखलाची फळी, दिवे, चांदीची पट्टी. घोडा तर म्हणे तासाला दहा मैलांच्या खाली येतच नाही. अंतर किती आलो यावरही त्याचं आणि कॅथरीनच्या भावाचं जमत नाही, तेवीस मैल की पंचवीस. चौकात बुलेट लावून सायलेन्सरचा आवाज ऐकवणारा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिला आहे.

करिकलही दोन चाकांचीच, पण घोडे दोन, शेजारी शेजारी, आणि त्यांच्या पाठीवरून आडवी धातूची दांडी, जिला मधला दांडा टांगलेला. दोन चाकांना दोन घोड्यांची गरज नाही. गरज नसताना दुसरा घोडा लावायचा, दोघांची उंची, रंग, दुडकी सारखी जुळवायची, हीच तिची शान. याच कादंबरीच्या नायकाकडे, हेन्री टिल्नीकडे, करिकल, विलोबीकडे करिकल, डार्सीकडेही. आणि थॉर्पकडे करिकल'सारखी'. विनोद त्या 'सारखी'त होता, आणि माझ्या वहीत तिथे 'एक प्रकारची घोडागाडी' असं लिहिलेलं होतं.

या दोन्ही गाड्यांची बैठक दोघांचीच, आणि हाकणारा स्वतः मालक. कोचमन नाही, म्हणजे ऐकणारा तिसरा कान नाही. मुलगी एकदा वर चढून बसली की लगाम त्याच्या हातात. कॅथरीन थॉर्पला गाडी थांबव म्हणून विनवते, तो हसतो आणि चाबूक उडवतो. चालत्या गाडीतून उडी तर मारता येत नाही! हा प्रसंग आधी मी मजेदार म्हणून वाचला होता. या वेळी बोळाच्या तोंडाशी उभी राहून पुन्हा वाचला, तर अंगावर काटा आला.

बाथचंच आणखी एक प्रकरण. जॉन पामर हा इथला नाटकवाला. बाथ आणि ब्रिस्टल अशी दोन थिएटरं होती, नट आणि सामान या गावातून त्या गावात झपाट्याने न्यायचा. त्याला वाटलं, नट वेळेवर पोचतात तर पत्र का नाही? टपाल तेव्हा घोड्यावरच्या पोऱ्याकडून जायचं, रेंगाळत आणि लुटलं जात. 2 ऑगस्ट 1784 ला ब्रिस्टलहून बाथमार्गे लंडनला पहिली टपालगाडी सुटली, दुपारी चारला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचली. मागे बंदूकवाला रक्षक, हातात कर्णा. कर्णा वाजला की टोलनाक्याचं फाटक आधीच उघडायचं, टपालगाडीला टोल माफ. रक्षकाकडचं घड्याळ कुलपात असे, आणि पूर्व-पश्चिम वेळेचा फरक भरून निघावा म्हणून मुद्दाम पुढे किंवा मागे पडत जाईल असं लावलेलं.

दिवस तिसरा : लाइम रीजिस

आजचा दिवस समुद्राचा, पण माझ्या कामाचा होता तो उतार. गावाच्या डोक्यावरून रस्ता जो खाली सुटतो तो थेट पाण्यापाशी. ताईने दुसरा गिअर टाकला आणि देवाचं नाव घेतलं. 'पर्स्वेजन'मधली मंडळी दोन गाड्यांतून हा लांब उतार उतरतात : बायका मोठ्या बंद कोचमध्ये, चार्ल्स आणि कॅप्टन वेंटवर्थ करिकलमध्ये. अंतर सतरा मैल. जायला-यायला मिळून सात तास लागतील, नोव्हेंबरचा दिवस आखूड, म्हणून मुक्काम करायचं ठरतं. चौतीस मैल, सात तास. तासाला पाच मैलांच्याही आत. थॉर्पचे दहा मैल आठवले आणि कॉबच्या बंधाऱ्यावर एकटीच हसले.

मुक्काम ठरला नसता तर दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली ल्युइसा कॉबच्या पायऱ्यांवरून पडली नसती. चढ-उताराने कथा वळवली. याच किनाऱ्याला पाऊस आणि वारा होता, ताई गाडीतच बसून चहा पीत होती, त्यामुळे लवकर निघालो.

दिवस चौथा : आर्लिंग्टन कोर्ट

डेव्हनच्या उत्तरेला, बार्नस्टेपलच्या पुढे, दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती असलेल्या रस्त्यांतून. समोरून ट्रॅक्टर आला की एकाने मागे जायचं. तीनदा ताईच मागे गेली आणि प्रत्येक वेळी मला ऐकवलं.

आर्लिंग्टन कोर्ट हे चिचेस्टर घराण्याचं घर, 1820 च्या दशकात बांधलेलं. शेवटच्या मालकीण रोझाली चिचेस्टर यांनी 1949 मध्ये ते नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या स्वाधीन केलं. त्यांनी जमवलेले शिंपले आणि जहाजांच्या प्रतिकृती घरात आहेत, ताई तिकडे गेली. मी तबेल्यात. तिथे ट्रस्टचं गाड्यांचं संग्रहालय आहे. बहुतेक गाड्या व्हिक्टोरियाच्या काळातल्या, म्हणजे ऑस्टेननंतरच्या. पण गाडीचं शास्त्र बघायचं तर याहून चांगली जागा नाही, कारण इथे रंग सोडून खाली बघता येतं.

आधी चाक. शेजारून पाहिलं तर ते सपाट नाही, बशीसारखं खोलगट. आरे तुंब्यातून, म्हणजे मधल्या गड्ड्यातून, सरळ न जाता बाहेरच्या बाजूला कललेले. मग आसाचं टोक किंचित खाली वाकवलेलं, त्यामुळे जमिनीकडचा आरा मात्र बरोबर उभा येतो आणि भार तोच पेलतो. वरचे आरे बाहेर झुकलेले, म्हणून गाडीचं अंग वर रुंद करता येतं आणि चाकाचा चिखल आत न उडता बाहेर उडतो. शिवाय घोडा चालताना गाडी डावी-उजवी ढकलली जाते, तो धक्का बशी खाते, सपाट चाक हळूहळू खिळखिळं होतं. तुंबा एल्मचा, कारण ते लाकूड सहजी चिरत नाही. आरे ओकचे, दाबाला पक्के. कडेचे वक्र तुकडे ॲशचे, लवचिक. आणि सगळ्यांना बांधून ठेवणारी धाव, तशीच तापवून चढवलेली. मी बराच वेळ त्या चाकाला हात लावून उभी होते. तिथल्या वयस्कर स्वयंसेवकाने हरकत घेतली नाही, उलट 'तुमच्या घरात कुणी सुतार होतं का' असं विचारलं.

त्याने मला मग गाडीच्या पोटाखाली वाकायला लावलं. जुन्या गाडीत पुढचा आणि मागचा आस जोडणारी एक लांब तुळई असते. त्या सांगाड्यावर पोलादी कमानी उभ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, आणि त्यांच्या टोकांपासून चामड्याच्या पट्ट्यांनी अंग टांगलेलं. तुळईच्या वर अंग, म्हणून गाडी उंच. उंच म्हणून कलणारी. शेवटच्या, अपुऱ्या राहिलेल्या 'सँडिटन'ची सुरुवातच गाडी उलटण्याने होते, त्यात तेव्हाच्या वाचकाला नवल वाटलं नसेल.

1804 मध्ये ओबाडाया एलियट या गाडीवाल्याने वेगळीच युक्ती काढली. पोलादी पट्ट्यांच्या दोन कमानी तोंडाला तोंड लावून जोडल्या, डोळ्याच्या आकारात, आणि त्या आसावर ठेवून त्यांच्यावर थेट अंग बसवलं. तुळई गेली. वजन गेलं, उंची गेली. गाडी जमिनीजवळ आली तसं बाईमाणसाला स्वतःच्या पायाने चढणं जमू लागलं. ही युक्ती एका दिवसात सगळीकडे गेली नाही, जुन्या गाड्या वर्षानुवर्षं चालतच राहिल्या. पण 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधल्या मामी, मिसेस गार्डिनर, पेंबर्लीच्या बागेत फिरायला 'बुटकी फेटन आणि दोन गोजिरवाणी तट्टं' हवीत असं लिहितात तेव्हा त्या लाडात येऊन बोलत नाहीत. बुटकी म्हणजे कुणाचा हात न धरता चढता येणारी, तट्टं म्हणजे बाईला स्वतः हाकता येणारी. उलट त्या काळच्या तरुण शौकिनांची उंच फेटन अशी की बैठक माणसाच्या डोक्याच्या वर. दोघींना कोश एकच अर्थ देतो.

फेटन हा शब्द माझ्या आजीच्या तोंडी होता, हे इथेच आठवलं. सांगलीच्या कुणा वकिलाची फेटन. आणि मुंबईची व्हिक्टोरिया तर याच कुळातली, खाली वाकलेलं अंग, घडीचा टप, पुढे कोचमन. 2015 मध्ये उच्च न्यायालयाने घोड्यांच्या हालांवरून ती बंद करायला सांगितली. स्वयंसेवकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, घोड्यांचे हाल तेव्हा इथेही कमी नव्हते. भाड्याच्या पोस्ट-शेझचे घोडे दहा-पंधरा मैलांवर बदलायचे, ते प्रवाशाच्या सोयीसाठी. घोड्याला परतीची खेप असायचीच.

पोस्ट-शेझ ही बंद गाडी. एकच पुढे तोंड केलेली बैठक, दोघं-तिघं दाटीने मावतील अशी. हाकायला पुढे बैठकच नाही. डाव्या घोड्यावर स्वार होऊन पोऱ्या ती नेतो. दार उघडलं की पायऱ्यांची घडी खाली सोडायची, ती नोकर सोडतो. 'नॉर्थँगर ॲबी'त हेन्रीचा बाप, जनरल टिल्नी, कॅथरीनला घराबाहेर काढतो तेव्हा ती अशा गाडीतून सत्तर मैल, अकरा तास, एकटी जाते. तिच्याकडे भाड्याइतके पैसे आहेत का हे त्या घरात फक्त त्याच्या मुलीला, एलेनॉरला, सुचतं, आणि नव्हतेच. हा अपमान किती मोठा ते मला त्या अरुंद बैठकीकडे बघून कळलं. जनरलकडे स्वतःची चार घोड्यांची गाडी होती, येताना ती त्याच्याच तोऱ्यात आली होती.

एका हलक्या दोन चाकी गाडीसमोर 'पर्स्वेजन'मधले ॲडमिरल क्रॉफ्ट आठवले. चालून दमलेल्या ॲनला वेंटवर्थ काही न बोलता त्यांच्या गिगमध्ये चढवतो. दोघांच्या बैठकीत तिसरी, अंग आकसून. ॲडमिरल खांबावर घालणार एवढ्यात बायको शांतपणे लगामाला हात लावते. ॲन आणि वेंटवर्थ यांचा आठ वर्षांचा अबोला मोडायला लेखिकेला संवाद लागला नाही, गाडीची रुंदी पुरली.

दिवस पाचवा : चॉटन, विंचेस्टर

सकाळी साडेसातला निघून दुपारी चॉटन. ताई आज गप्प होती. पाचव्या दिवशी माणूस गप्पच होतो.

ऑस्टेन 1809 पासून या घरात राहिली, आई, बहीण आणि मैत्रीण यांच्याबरोबर. घर रस्त्याला चिकटून, विंचेस्टर आणि गॉस्पोर्टचे रस्ते फुटतात तिथे. आज बाहेरून वळणरस्ता गेल्यामुळे गाव निवांत आहे. तेव्हा दारावरून गाड्या जात, रात्री जाणाऱ्या गाड्यांनी पलंग हलल्यासारखा वाटे, असं भाचीने लिहून ठेवलंय. पोस्ट-शेझमधून जाणाऱ्या एका गृहस्थाला आतली मंडळी न्याहारी करताना दिसली होती, तीही बातमी नातेवाइकांत फिरली! भावाने रस्त्याकडची एक खिडकी बुजवून बागेकडे दुसरी काढून दिली.

स्वतःची गाडी मात्र त्या बायकांकडे नव्हती. वडील असताना काही काळ होती, ती 1798 पर्यंत सुटली. तेव्हा तिने लिहिलं की गाडी सोडल्यापासून नाचाचे कार्यक्रमही मेहेरबानी करून रोडावलेत, म्हणजे जाण्याची सोय आणि जाण्याची इच्छा एकदमच कमी झाली. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला डार्सी म्हणतो, चांगल्या रस्त्याचे पन्नास मैल म्हणजे काय, अर्ध्या दिवसाहून थोडंच जास्त. एलिझाबेथला ते जवळ वाटत नाही. मैल तेवढेच, पागा ज्याची त्याची.

भटारखोलीत गाढवाची गाडी ठेवली आहे. पाच दिवसांतलं सगळ्यात छोटं वाहन. दोन चाकं, साधी बैठक, ना चांदीची पट्टी ना दिवे. बाजारहाटाला आणि दुखणं वाढल्यावर हवा खायला तिचा उपयोग होई. माझ्या पुढे एक कुटुंब होतं. त्यांच्या मुलाने विचारलं, एवढीशी? आणि ते पुढे गेले. मी बशी शोधली. आहे, थोडी.

24 मे 1817 ला ऑस्टेन औषधपाण्यासाठी विंचेस्टरला गेली. गाडी थोरल्या भावाने पाठवली होती, म्हणून बंद गाडीतून जाता आलं. सोळा मैल. हेन्री आणि एक भाचा घोड्यावरून बाजूने चालत होते, आणि सगळ्या वाटेत पाऊस. पोचल्यावर दुसऱ्या भाच्याला लिहिलेल्या पत्रात स्वतःच्या दुखण्यापेक्षा त्या दोघांच्या भिजण्याचीच काळजी जास्त आहे.

आम्ही ए-31 ने गेलो. पंचवीस मिनिटं, ऊन. कॉलेज स्ट्रीटवर ते घर आहे, दारावर पाटी आहे. तिथेच 18 जुलैला ती वारली. बायकांनी अंत्ययात्रेला जायची रीत नव्हती. बहीण कॅसॅन्ड्रा खिडकीतून ती रस्त्याच्या टोकाला वळेपर्यंत बघत राहिली.

रस्ता अरुंद, गाडी लावायला जागा नाही, मागे व्हॅनवाला. "उतर पटकन," ताई म्हणाली, "मी चक्कर मारून येते. दहा मिनिटं हं. तुझी दहा नाही, माझी दहा."